वाय नदीकाठचे मोडलेले कोट

चेप्स्टोच्या किल्ल्याचा महादरवाजा १९६२ सालापर्यंत आपल्या जागेवर होता. ऊन, पाऊस आणि समुद्राकडून येणारा दमट वारा खात तो जवळजवळ पावणेआठशे वर्षं देवडीत उभा राहिला. मग तो उतरवून किल्ल्यातच छताखाली ठेवला. त्याच्या ओकच्या लाकडातली वर्षवलयं मोजली, तेव्हा कळलं की ती झाडं ११५९ ते ११८९ या काळात कधीतरी तोडलेली आहेत. भिल्लम यादव देवगिरी वसवत होता, त्याच सुमारास इथल्या सुतारांनी ही दारं घडवली. किल्ल्याचं याहून जुनं दार युरोपात शिल्लक नाही असं मानतात.

मी या दारांसमोर बराच वेळ उभा होतो. फळ्यांवर बाहेरच्या बाजूनं लोखंडी पत्रे ठोकले आहेत, म्हणजे शत्रूनं गवताचे भारे पेटवून टाकले तरी लाकूड लगेच धरू नये. आतल्या बाजूला आडव्याउभ्या पट्ट्यांची जाळी आहे. एका पट्टीच्या खाचेत दुसरीचं टोक इतकं घट्ट बसवलं आहे की आठ शतकांनंतरही सांध्यात फट दिसत नाही. सह्याद्रीतले गड हिंडलेल्या माणसाला दरवाजा म्हटला की मोकळी कमान, अडसराची भोकं आणि झिजलेला उंबरा आठवतो. दारं गेलेली असतात. इथे दारंच समोर होती, आणि ती का राहिली हा प्रश्न घेऊन मी या नदीकाठानं वर निघालो.

वाय नदी वेल्सच्या मध्यावर प्लिनलिमनच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर वाहून चेप्स्टोच्या खाली सेव्हर्नच्या खाडीला मिळते. शेवटच्या टप्प्यात ती चुनखडीच्या डोंगरांतून वळणं घेत जाते आणि बऱ्याच अंतरापर्यंत तीच दोन देशांची हद्द असते. एका काठावर वेल्स, दुसऱ्या काठावर इंग्लंड. मधे मेंढ्यांची कुरणं, बीच आणि ओकची रानं, सफरचंदाच्या बागा, दगडी घरांची छोटी गावं. चेप्स्टोपासून गुडरिचपर्यंत सडकेनं चाळीसेक किलोमीटर अंतर आहे. एवढ्यात एक नॉर्मन किल्ला, एक मोठा मठ, एक तटबंद पूल, एका राजाचं जन्मस्थान आणि लाल दगडाचा एक अप्रतिम कोट येतो. ब्रिस्टल, कार्डिफ, स्विंडनकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे खोरं शनिवार-रविवारच्या पल्ल्यातलं आहे. रेल्वे चेप्स्टोपर्यंत येते आणि पुढे ६९ नंबरची बस टिन्टर्नवरून मन्मथला जाते.

भग्नावशेष पाहिले की आपण काळाचं नाव घेतो. काळाच्या ओघात पडझड झाली, असं प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. या खोऱ्यात ते वाक्य चालत नाही. इथल्या बहुतेक मोठ्या वास्तू कोणाच्या तरी हुकमानं मोडल्या. त्या हुकमांना तारखा आहेत आणि हिशेबही आहेत. काळानं नंतर फक्त उरलेलं काम केलं.

चेप्स्टोपासूनच सुरुवात करतो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढच्याच वर्षी, १०६७ मध्ये, त्याचा सरदार विल्यम फिट्झऑझबर्न यानं इथे कड्यावर किल्ल्याला हात घातला. त्या काळात नॉर्मन लोक घाईघाईनं मातीचे उंचवटे रचून वर लाकडी कोट उभे करत होते. चेप्स्टोला मात्र आरंभापासून दगड वापरला. किल्ला लांबट आणि चिंचोळा आहे. एका बाजूला नदीवर तुटलेला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल घळ आणि मधल्या सोंडेवर एकापुढे एक अशी चार आवारं. आपल्याकडे डोंगराच्या सोंडेवर माची बांधतात तीच बुद्धी इथे आहे. निसर्गानं दिलेला कडा तटाइतकाच कामाचा, हे ज्यानं ओळखलं त्यानं अर्धा किल्ला फुकट मिळवला.

सोंडेच्या सर्वांत अरुंद जागी जुना महाबुरूज आहे. खरं तर तो लांबलचक दुमजली दालनच आहे. त्याच्या भिंतीत मध्येच तांबड्या विटकरीसारख्या कौलांचा एक आडवा पट्टा जातो. ही कौलं रोमन आहेत, बहुधा जवळच्या केअरवेंट या उजाड रोमन नगरातून उचलून आणलेली. म्हणजे नॉर्मनांनीही एका जुन्या मोडक्या नगरातला माल आपल्या भिंतीत बसवला होता. हा पट्टा मला पुढच्या सगळ्या प्रवासात आठवत राहिला, कारण या खोऱ्यात दगड सारखा एका वास्तूतून दुसरीत चाललेला आहे.

पुढे ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअरशी लग्न होऊन किल्ला विल्यम मार्शलकडे आला. त्या काळचा सर्वांत नावाजलेला योद्धा तो. ज्या देवडीत ती दारं होती ती त्यानंच बांधली. तेराव्या शतकाच्या अखेरीस रॉजर बिगड या उमरावानं खालच्या आवारात नवे महाल उठवले. त्यांच्या तळाशी एक घुमटी छताची कोठी आहे आणि तिचं एक तोंड थेट नदीवर उघडतं. भरतीच्या वेळी गलबतं खाली लागायची आणि माल दोरखंडानं वर ओढून घ्यायचे. मी त्या तोंडाशी गेलो तेव्हा ओहोटी होती. सेव्हर्नच्या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक; चेप्स्टोला पाणी बारा-चौदा मीटर वर-खाली होतं. खाली चकचकीत करड्या चिखलाचे उतार आणि मधे नदीची बारीक धार एवढंच दिसत होतं. काही तासांनी पाणी परत कड्याला भिडलं. ज्या किल्ल्याला खालून वेढा घालणारं सैन्य दिवसातून दोनदा चिखलात अडकणार, त्याची जागा निवडणाऱ्याचं कौतुक वाटलं.

सतराव्या शतकात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. चेप्स्टो राजाच्या बाजूनं लढला. पार्लमेंटच्या फौजांनी तो १६४५ मध्ये घेतला आणि पुन्हा १६४८ मध्ये भिंतीला खिंडार पाडून घेतला. हरलेल्या पक्षाचे किल्ले निकामी करण्याचे हुकूम त्या वर्षांत देशभर सुटत होते. चेप्स्टोवर ती पाळी आली नाही, कारण तो पार्लमेंटला स्वतःलाच हवा होता. तट तोफांच्या माऱ्याला टिकावा म्हणून जाड केले आणि आत शिबंदी ठेवली. १६९० पर्यंत ती होती. दारं का राहिली, याचं उत्तर हेच. किल्ला नांदता ठेवला, म्हणून दाराची निगा राहिली. राजाच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणारा हेन्री मार्टिन इथल्या एका बुरुजात बारा वर्षं कैदेत होता आणि १६८० मध्ये इथेच मेला. बुरूज आज त्याच्या नावानं ओळखला जातो. राजसत्ता परत आल्यावर त्याला मरेपर्यंत कोंडलं खरं, पण बुरुजातल्या त्याच्या खोल्या प्रशस्त होत्या आणि चाकरमाणसंही सोबत होती.

चेप्स्टोहून बस निघाली की काही मिनिटांत रान दोन्ही बाजूंनी जवळ येतं. खाली नदी, वर इंग्लंडच्या बाजूच्या डोंगरधारेवर ऑफाचा बांध, म्हणजे आठव्या शतकातल्या मर्सियाच्या राजानं वेल्सच्या हद्दीवर घातलेला मातीचा तट. मग एका वळणावर एकदम टिन्टर्नचा मठ समोर येतो. छप्पर नाही, काचा नाहीत, पण भिंती जवळजवळ पूर्ण उंचीच्या. पश्चिमेच्या भिंतीतली प्रचंड खिडकी सात उभ्या भागांची आहे. तिच्या दगडी जाळीतून मागचा डोंगर दिसतो.

हा मठ वॉल्टर द क्लेअर यानं ९ मे ११३१ रोजी स्थापन केला. सिस्टर्शियन पंथाचे साधू फ्रान्समधून आले. पांढरे झगे, मौन, प्रार्थना आणि अंगमेहनत असा त्यांचा नेम होता. वस्तीपासून दूर, वाहत्या पाण्याच्या काठी राहायचं हा त्यांचा दंडक, म्हणून त्यांनी हे खोरं निवडलं. मोठं चर्च नंतरचं आहे. १२६९ मध्ये काम सुरू झालं आणि १३०१ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. चेप्स्टोत कोठी बांधणारा रॉजर बिगड याच चर्चचा मोठा आश्रयदाता होता. किल्ल्यावरची सत्ता आणि मठातली प्रार्थना एकाच थैलीवर चालत होती.

लोक चर्चचे फोटो काढतात आणि परततात. माझी विनंती आहे की उत्तरेकडच्या खोल्यांत वेळ काढावा. मठाचं रोजचं जगणं तिथे आहे. साधूंना थंडीत शेक घ्यायला एकच तापती खोली होती. स्वयंपाकघरातून भोजनगृहात ताटं सरकवण्याचा झरोका भिंतीत अजून आहे. मध्यरात्री प्रार्थनेला थेट झोपण्याच्या दालनातून चर्चमध्ये उतरता यावं म्हणून जिना होता, त्याचं दार दिसतं. सगळ्या मठाखालून दगडी नाला जातो आणि भरतीच्या पाण्यानं तो धुतला जाईल अशी व्यवस्था होती. नदीवरच्या धक्क्याची कमानही थोड्या अंतरावर उभी आहे. शेकडो माणसांची वस्ती सांभाळणाऱ्या शिस्तीच्या या खुणा मला त्या उंच कमानींइतक्याच भावल्या.

३ सप्टेंबर १५३६ या दिवशी मठाधिपती रिचर्ड वाइच यानं मठ राजाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केला. आठव्या हेन्रीनं रोमच्या पोपशी संबंध तोडल्यावर देशभरचे मठ बंद करण्याचा कायदा झाला होता. त्यामागे धर्माचा वाद होता आणि पैशाचाही. मौल्यवान चीजवस्तू सरकारी खजिन्यात गेल्या, जमिनी वूस्टरच्या उमरावाला मिळाल्या. छपरावरचं शिसं राजाच्या मालकीचं ठरलं, ते उतरवून वितळवलं गेलं.

शिसं निघालं आणि इमारतीचं भवितव्य ठरलं. शिशाच्या पत्र्यानं पाऊस अडत होता. तो गेल्यावर पाणी तुळयांत मुरलं, तुळया कुजल्या, त्यांनी पेललेलं लाकूड खाली आलं, दगडी छताचे पाकळीसारखे भाग सुटू लागले. भिंतीवर कोणी घण घालायची गरजच उरली नाही. वाड्याची कौलं उतरवून नेली की चार पावसाळ्यांत काय होतं हे कोकणात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथे चार पावसाळ्यांऐवजी जवळजवळ पाचशे वर्षांचा पाऊस पडला आहे.

मठ बंद झाला पण खोरं थांबलं नाही. अँगिडी नावाचा ओढा इथे वायला मिळतो. त्याच्या पाण्यावर चाकं फिरवून १५६० च्या दशकात तारा ओढण्याचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी जर्मन कारागीर आणले होते. लोखंडाच्या भट्ट्या, हातोड्यांचा आवाज, कोळसा पाडण्यासाठी तोडलेली रानं, असं हे खोरं पुढची तीन शतकं होतं. कामगारांनी मठाच्या भिंतींच्या आधारानं झोपड्या बांधल्या. आज आपण ज्याला शांत निसर्गरम्य खोरं म्हणतो ते ब्रिटनमधल्या जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक होतं.

आणि मग पर्यटक आले. १७४५ च्या सुमारास रॉस या वरच्या गावचे धर्मगुरू जॉन एगर्टन यांनी पाहुण्यांना होडीतून नदीची सैर घडवायला सुरुवात केली. विल्यम गिल्पिन १७७० मध्ये आला आणि १७८२ मध्ये त्याचं वायवरचं पुस्तक छापलं गेलं. निसर्ग चित्रासारखा कसा पाहावा, याचे नियम त्यानं घालून दिले. पुस्तक हातात घेऊन लोक होड्यांत बसू लागले. टर्नरनं मठाची चित्रं काढली. १७९८ च्या जुलैमध्ये वर्ड्‌स्वर्थ बहिणीसह इथून गेला आणि त्याच्या कवितेमुळे टिन्टर्नचं नाव इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला माहीत झालं. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या कित्येक पिढ्या या नावाला ओळखतात, जरी त्या कवितेत मठाच्या वास्तूचं वर्णन जवळपास नाहीच.

गिल्पिनला मठ आवडला, पण भिंतींची त्रिकोणी टोकं त्याला फार सरळ वाटली. कोणी हातोडा घेऊन ती नेमक्या ठिकाणी थोडी फोडावीत, असं त्यानं सुचवलं. म्हणजे अवशेषही आपल्या नजरेला रुचतील असे मोडलेले हवेत! हे वाचून मला राग आला. त्याच पुस्तकात मात्र एक असा प्रसंग आहे की ज्यासाठी मी गिल्पिनचा ऋणी आहे. मठाच्या आवारात राहणारी गरीब माणसं पाहुण्यांपुढे हात पसरत होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या, अपंग बाईनं साधूंचं ग्रंथालय दाखवते असं सांगितलं. ती कशीबशी चालत त्यांना एका पडक्या खोलीत घेऊन गेली. ते तिचं स्वतःचं घर होतं. भिंतींतून ओल झिरपत होती, जमीन भिजलेली, कोपऱ्यात फाटकं अंथरूण. तिला दाखवायचं होतं ते हेच. मठ होता तेव्हा अशा म्हातारीला दाराशी भाकरी मिळाली असती, काही प्रमाणात औषधपाणीही. मठ मोडला तेव्हा शिशाबरोबर हेही गेलं. चित्रमय अवशेषांच्या कौतुकात त्या बाईचं नाव कोणी नोंदलं नाही.

१९०१ मध्ये ब्रिटिश सरकारनं ब्यूफर्टच्या ड्यूककडून मठ १५,००० पौंडांना विकत घेतला. सरकारी लोकांनी पहिलं काम केलं ते भिंतींवरच्या आयव्हीच्या वेली काढण्याचं. तेव्हा अनेक रसिक हळहळले, कारण वेलींनी वेढलेला मठ हेच त्यांच्या मनातलं टिन्टर्न होतं. पण वेलीची मुळं सांध्यात शिरून दगड उचकटतात. आपल्या गडांच्या बुरुजांत पिंपळ आणि उंबर हेच करतात. वेल सुंदर दिसते म्हणून ठेवायची की भिंत टिकते म्हणून काढायची, हा निर्णय इथे शंभर वर्षांपूर्वी भिंतीच्या बाजूनं झाला आणि तो बरोबर होता.

आता वेल्सचं पुरातत्त्व पाहणारं कॅडू हे खातं मठ सांभाळतं. मी गेलो तेव्हा चर्चच्या एका भागाला मचाण लागलं होतं. मचाणाच्या पायथ्याशी एक गवंडी चहाला बसला होता. मी भारतातला आहे आणि आमच्याकडे चुन्यात बांधलेले शेकडो किल्ले आहेत म्हटल्यावर तो खुलला. त्याचं म्हणणं असं, की विसाव्या शतकात पुष्कळ जुन्या भिंतींचे सांधे सिमेंटनं भरले गेले आणि तेच आता अंगाशी येतं. सिमेंट दगडापेक्षा कडक. आत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातून निघतं आणि थंडीत गोठून दगडाचाच पापुद्रा काढतं. चुना मऊ असतो. तो स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. ‘झिजायचं कोणी, हे आधी ठरवायचं असतं,’ तो म्हणाला. चुना काही वर्षांनी पुन्हा भरता येतो. सातशे वर्षांचा कोरीव दगड पुन्हा कुठून आणायचा? मी त्याला चुन्याच्या घाणीबद्दल सांगितलं. मोठं दगडी चाक, त्याला बैल जुंपून गोल चरात चुना, वाळू मळायची पद्धत. आमच्या गडांवर ती चाकं अजून पडलेली दिसतात, म्हटलं. त्याला त्या चाकाचा व्यास हवा होता, चर किती खोल असतो हेही. मी हातानं दाखवला तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. काही दुर्गांच्या डागडुजीत आपल्याकडे सिमेंटचा गिलावा पाहिला आहे, तेही त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

टिन्टर्नहून मन्मथ. गाव मोनो आणि वाय या दोन नद्यांच्या संगमावर आहे. मोनो नदीच्या पुलावर, पुलाच्या मधोमध, दगडी वेशीचा बुरूज उभा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीचा. ब्रिटनमध्ये पुलावरची अशी मध्ययुगीन वेस आता एवढी एकच उरली आहे. फ्रेंचांना अझँकूरला हरवणारा पाचवा हेन्री इथल्या किल्ल्यात जन्मला. त्या किल्ल्याचा मात्र एक भिंतीचा तुकडा आणि एका दालनाच्या काही बाजू एवढंच शिल्लक आहे. १६४७ मध्ये तो निकामी करण्याचं काम चाललं होतं, त्यात महाबुरूज कोसळला. १६७३ मध्ये त्याच आवारात ग्रेट कॅसल हाउस नावाचा वाडा उभा राहिला, किल्ल्याच्याच दगडांतून. तो सुबक आहे, आणि आजही एका सैन्यदलाच्या तुकडीचं ठाणं तिथे आहे. इथे फार थांबलो नाही. मोनोच्या खोऱ्यात वर ग्रोज्मंट, स्केन्फ्रिथ आणि व्हाइट कॅसल असे तीन छोटे किल्ले आहेत. गाडी असेल तर तिथे जावं. स्केन्फ्रिथच्या तटाच्या आत मधोमध उभा गोल बुरूज पाहण्यासारखा आहे.

मन्मथच्या वर नदी सायमन्ड्‌स यॅटच्या उंच कड्याखाली मोठा वळसा घेते. बहिरी ससाणे या कड्यात घरटी करतात. इथून पाहिलं तर पाणी हिरवंगार दिसतं आणि तो रंग चांगल्या लक्षणाचा नाही. नदीच्या वरच्या खोऱ्यात कोंबड्यांचे प्रचंड कारखाने झाले आहेत. त्यांच्या विष्ठेतला फॉस्फरस शेतांतून नदीत येतो आणि उन्हाळ्यात शेवाळ माजतं. २०२३ मध्ये इंग्लंडच्या निसर्गसंस्थेनं वायची स्थिती बिघडत चालल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. काठावरच्या गावांत नदी वाचवा म्हणणाऱ्या पाट्या जागोजागी दिसतात. पूर्वीच्या मोडतोडीचे हुकूम कागदावर आहेत, या मोडतोडीचे परवानेही कागदावरच आहेत.

गुडरिचला बसनं जायला थोडी यातायात आहे, पण या खोऱ्यात एकच ठिकाण पाहायचं असेल तर हे पाहावं. नदीवरच्या टेकाडावर लाल वालुकाश्माचा चौकोनी कोट आहे आणि त्याच्या पोटात करड्या दगडाचा एक जुना उंच बुरूज. करडा बुरूज बाराव्या शतकाचा. भोवतीचा लाल किल्ला तेराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम द व्हॅलन्स आणि त्याच्या कुटुंबानं बांधला. खंदक जिवंत खडकात खोदला आहे आणि खंदकातून निघालेलाच दगड तटाला लावला. आपल्याकडे गडावर पाण्याचं टाकं खोदत आणि निघालेल्या दगडात तट बांधत. एका खोदकामात दोन कामं करण्याची ही हुशारी पाहून मला मनापासून आनंद झाला.

पुढे अर्धगोल पडकोट आहे. त्यातून शिरलं की काटकोनात वळल्याशिवाय मुख्य दरवाजाकडे जाता येत नाही. गोमुखी बांधणीचे दरवाजे ज्यांनी पाहिलेत त्यांना यामागचा विचार ताबडतोब कळेल. हल्ला करणाऱ्याला धावत येऊ द्यायचं नाही, वळताना त्याची बगल उघडी पडावी. बुरूज गोल आहेत पण त्यांचे पाय चौकोनी, आणि कोपऱ्यांतून उतरत्या दगडी सोंडा वर बुरुजात विरतात. खालून सुरुंग लावणाऱ्यासाठी एवढा भरीव दगड मुद्दाम घातला आहे.

विल्यमची विधवा जोन हिच्या घरखर्चाची १२९६-९७ सालची गुंडाळी टिकून आहे. कोण पाहुणे आले, काय शिजलं, घोड्यांना चारा किती लागला, मुक्काम कुठून कुठे हलला, हे त्यात दिवसवार आहे. त्यामुळे गुडरिचची दालनं रिकामी वाटत नाहीत. एकाच कोटात मालकांसाठी, पाहुण्यांसाठी, चाकरांसाठी वेगवेगळे दिवाणखाने होते हे वास्तू सांगते, आणि त्यांत कोण बसलं हे ती गुंडाळी सांगते. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना या कागदाचं मोल वेगळं सांगायला नको.

मग १६४६ चा उन्हाळा आला. मावळात शिवाजीराजांनी तोरणा घेतला तो याच सुमारास. गुडरिचमध्ये राजाच्या बाजूचा सर हेन्री लिंजन शिबंदीसह होता, बाहेर पार्लमेंटचा कर्नल जॉन बर्च. बर्चनं किल्ल्याचं पाणी तोडलं. साध्या तोफांनी काम होईना, तेव्हा त्यानं जवळच्या भट्टीत एक उखळी तोफ ओतून घेतली. लोक तिला ‘रोअरिंग मेग’, गरजणारी मेग, म्हणू लागले. ती सुमारे नव्वद किलोचे, दारू भरलेले गोळे तटावरून आत फेकत असे. वायव्येचा बुरूज तोफेनं आणि सुरुंगानं मिळून ढासळला. ३१ जुलै १६४६ रोजी किल्ला शरण आला. पुढच्या वर्षी पार्लमेंटच्या हुकमानं तो राहण्याजोगा उरणार नाही इतका मोडला. मालकीण केंटची काउंटेस होती, तिला भरपाई म्हणून १,००० पौंड मिळाले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा याच देशाच्या कंपनीनं सह्याद्रीत तेच केलं. नाशिककडच्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या कॅप्टन ब्रिग्जच्या देखरेखीखाली सुरुंगांनी उडवल्या. अलंगच्या चढावर आज दोर लावून जी अवघड चढाई करतात ती त्या तोडलेल्या पायऱ्यांमुळे. ट्रेकर मंडळी तिथे निसर्गाच्या रौद्रपणाचे फोटो काढतात, आणि ते योग्यच आहे, पण तो रौद्रपणा काही अंशी बनवलेला आहे. गेल्या काही वर्षांत लोकवर्गणीतून अनेक गडांच्या मोकळ्या कमानींत सागवानी दारं पुन्हा बसवली गेली. त्यामागची माया मला कळते आणि ती दारं पाहून माझाही ऊर भरून येतो. तरी मला वाटतं, दाराशेजारी एवढं लिहावं की हे नवं आहे, कोणत्या वर्षी बसवलं आणि जुनं कशानं गेलं. २०२५ च्या जुलैमध्ये बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. आता जगभरचे लोक येतील आणि विचारतील, हे कोणी पाडलं?

रोअरिंग मेग इंग्लंडच्या यादवीतली टिकून राहिलेली एकमेव उखळी तोफ मानतात. ती बरीच वर्षं हेरफर्डमध्ये होती. २००४ मध्ये तिला गुडरिचच्या आवारात, तिनंच मोडलेल्या किल्ल्यात, आणून ठेवलं. मी होतो तेव्हा शाळेची एक सहल आली होती. मुलं तिच्या तोंडात हात घालत होती आणि बाई त्यांना पडलेला बुरूज दाखवत होत्या. कारण आणि परिणाम एकाच नजरेत.

रायगडाच्या बाबतीतही हे जमण्यासारखं आहे. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेनं समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडावर गोळे टाकले. आग लागली, वाडे जळाले. १० मेला गड गेला आणि दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती, ती खाली उतरली. बालेकिल्ल्यात आज जी जोती दिसतात ती त्या आगीनंतर उरलेली आहेत. पोटल्याच्या माथ्यावर एक फलक लावावा: तोफा इथे चढवल्या, गोळे त्या दिशेला गेले, अमुक वाडा अमुक दिवशी पेटला. त्यासाठी लागणारे बरेचसे कागद उपलब्ध आहेत.